वन्सं, दार चुकलं ते माझ्यामुळं

वन्सं, दहाव्याला तुमच्या पिंडाला कावळा इतक्या लवकर शिवला की मला तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही. पान ठेवून माणसं चार पावलं मागं सरतात न सरतात तोच तो आला, घास उचलला आणि धरणाच्या पाण्यावरून पलीकडं गेला. सगळ्यांना बरं वाटलं. कुणाकुणाचं पान दुपारपर्यंत अडतं, घरचे हात जोडून हे करू, ते करू म्हणत बसतात. तुमचं मन मात्र कशातच अडकलं नव्हतं, असं जो तो म्हणाला. तुमचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे हे, डोळे पुसत म्हणाले, "आक्कानं जित्तेपनी कुनाकडं काय मागितलं न्हाई, आता काय मागंल?" मी पदर तोंडाला लावून उभी होते. तीन दिवस मनात जुळवाजुळव करून आले होते. कावळा अडला असता तर पुढं होऊन सगळ्यांदेखत बोलणार होते. तुम्ही अडलाच नाहीत. जिवंतपणीही तुमचं असंच, समोरचा बोलायला सुरुवात करतोय तोवर तुम्ही काम उरकून उठायचात.

म्हणून लिहितेय. सातवी शिकलेय, त्याचा आज एवढा तरी उपयोग. सांगायचं एवढंच आहे की आपल्या यमूच्या लग्नात तुमच्या हातातलं कसब गेलं नव्हतं. हात गेला म्हणून तुम्ही वस्तरा खुंटीला अडकवलात, तीन वर्षं एकही घर केलं नाहीत आणि तोच समज घेऊन गेलात. तो समज खोटा होता आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण एकदम तिथं उडी मारली तर तुम्हाला चालायचं नाही. तुम्हाला कुठलीही गोष्ट जोत्यापासून लागायची.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. दुसऱ्याच दिवशी तुम्हाला ओटीवर बघितलं. मांडी घालून बसला होतात, हातात न्हाव्याचा जुना वस्तरा, आणि कारवीच्या काडीचा शेंडा उभा चिरत होतात, एकीच्या चार, चारांच्या आठ. मला वाटलं, दात कोरायच्या काड्या करताय. एवढ्या कुणासाठी, असं मी विचारलंही. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "भिंत घालतीया." मी सासूबाईंकडं बघितलं. म्हटलं, कुठल्या घरात पडले मी, ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना.

आठ दिवसांनी ती भिंत बघितली. अख्खं घरच वीतभर होतं. कारवीच्या कुडाला शेणमाती, आणि खऱ्या सारवणावर हाताचे वळसे उठतात ना, ते सुद्धा तुम्ही पिसाच्या टोकानं काढले होते. वर कौलं, मसुरीच्या डाळीएवढी, एकेक मातीत थापून चुलीच्या फुफाट्यात भाजलेलं. आत चूल, पाटा-वरवंटा, सदऱ्याच्या बटणाएवढं जातं, जात्याला खुंटा. मी नखानं खुंटा ढकलला तर जातं फिरलं. मी दोनदा फिरवलं, तिसऱ्यांदा फिरवायला गेले तर तुम्ही हातावर चापट मारलीत. दाणं घातल्याबिगर जातं फिरवू न्हाई, म्हणालात. मी हसले, पण तुम्ही हसत नव्हतात.

गावातल्या पोरीचं लग्न ठरलं की तुमचं काम सुरू व्हायचं. रुखवतात लोक लाडू-करंज्या मांडतात, विणलेली तोरणं मांडतात. आपल्या गावच्या पोरीच्या रुखवतात मधोमध एका पाटावर तिचं माहेर असायचं. तिचंच, दुसऱ्या कुणाचं नाही. त्यासाठी तुम्ही तिच्या घरी दोन-दोन तास जाऊन बसायचात, चहालाही हात लावायचा नाहीत, नुसतं बघायचात. खिडकी कुठं आहे, गोठ्यात किती दावी आहेत, तुळशीवृंदावनाचा कुठला कोपरा उडालाय, सगळं डोळ्यांत भरून आणायचात आणि घरी येऊन जसंच्या तसं उभं करायचात. वरातीबरोबर ते घर दुरडीत बसून पोरीच्या मांडीवर सासरी जायचं. सासरी गेलेल्या पोरी दिवाळीला आल्या की आधी आपल्या आईकडं जायच्या आणि मग तुमच्याकडं. मला तेव्हा याचं नवल वाटायचं. आता आठवून ऊर भरून येतो.

त्यावरून आपलं वाजायचंही. पलीकडच्या आळीतल्या पोरीच्या घराची पहिली पायरी मोडकी होती, तर तुम्ही केलेली पायरी पण मुद्दाम फोडलीत. मी म्हटलं, तिकडच्या माणसांना काय दाखवायचं, ह्यांना पायरी सुद्धा धड बांधता येत नाही? तुम्ही म्हणालात, तिकडच्यांसाठी ते न्हाईच. ती पोर जन्मभर त्या पायरीला ठेचकाळली. पायरी नीट केली तर तिला वाटंल, हे घर आपलं न्हवं. मी म्हटलं, घराची अब्रू म्हणून काही असते की नाही. तुम्ही म्हणालात, अब्रू तिच्या बापानं बघावी, मी घर बघते. हे भांडण आपण पंधरा वर्षं पुरवून पुरवून भांडलो. अजून मला वाटतं, थोडं माझंही खरं होतं. पण त्या पोरीनं सासरी पहिल्यांदा काय केलं असेल तर त्या फुटक्या पायरीवर बोट ठेवलं आणि रडली, हेही मी माझ्या कानांनी ऐकलंय.

तुमचं स्वतःचं तुम्ही मला एकदाच सांगितलंत, तेही कौलं भाजताना. अकराव्या वर्षी लग्न होऊन तुम्ही कासारसाईला गेलात. मागं धरणाचं पाणी चढलं. तुमच्या वडलांनी, आबांनी, सामान उचलून वर आणलं, हे घर बांधलं, आणि जुनं घर पाण्याखाली गेलं. सतराव्या वर्षी तुम्ही कपाळ पुसून परत आलात ते या घरात. "ज्या घरातनं गेले त्ये पुन्यांदा बघितलंच न्हाई," म्हणालात. मी विचारलं, मग वन्सं, ते एकदा करत का नाही? एवढी लोकांची केलीत. तुम्ही चिमट्यानं राख परतलीत. म्हणालात, माजघरातली खिडकी डावीकडं होती का उजवीकडं, तेच आठवंना. चुकीचं करण्यापरीस नगंच. एवढं बोलून तुम्ही कौलं निवडायला लागलात. मला तेव्हा कळलं की मी कुणाच्या घरात नांदायला आलेय. आपलं स्वतःचं हरवलेलं घर सुद्धा जी बाई अंदाजानं करत नाही, तिच्यापुढं मी काय बोलणार होते?

आणि तुमचं माप. बांबूची बोटभर रुंद कांब, तिच्यावर लाखेत बसवलेले आंबेमोहराचे आठ दाणे, टोकाला टोक लावून. दोन दाणे म्हणजे खऱ्या घराचा एक हात. आठ दाणे म्हणजे चार हात, म्हणजे घराचं दार. सगळं त्यावर. वासा किती, आढं किती, उंबरा किती, कांब लावायची आणि वस्तऱ्यानं खूण करायची. ते दाणे आबांच्या खालच्या खाचरातले होते, पाणी चढायच्या आधी निघालेल्या शेवटच्या पिकातले. आबांनी ते तुमच्यासाठी चिमूटभर राखून ठेवले होते. कांब कायम तुमच्या कमरेच्या चंचीत असायची. सुतारानं बघायला मागितली तर तुम्ही लांबूनच दाखवलीत.

मग आपल्या यमूचं लग्न ठरलं. सूसचं स्थळ, चांगली माणसं. यमू पोटची माझी, पण पोर तुमची. ती तुमच्याजवळ निजली, तुमच्या ताटात जेवली, माझ्यावर रुसली की तुमच्या पाठीमागं लपली. तिचं माहेर म्हणजे हेच घर, म्हणून तुम्ही गणपतीतच बसलात, लग्न माघात होतं तरी. भिंती झाल्या, चौकट बसली, खिडक्या झाल्या. आणि पहिल्यांदाच तुम्ही मला हाताशी घेतलंत. कौलं निवडून दे, डिंक भिजव, एवढंच, पण मी गावभर सांगत सुटले होते.

भात झोडणीचे दिवस होते. खळ्यावरून तुम्हाला हाक आली. तुम्ही कांब माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ही खाली ठिवू नगं." मी हो म्हटलं. तेवढ्यात आत दूध वर आलं. मी कांब ओटीवर ठेवली आणि धावले. परत आले तर आपली ती ठिपक्यांची कोंबडी कांबेवर उभी. सहा दाणे गेले होते. जुनी लाख, तडकलेली, तिनं आरामात उकलली होती. मी कोंबडीच्या मागं परसापर्यंत धावले. धरून काय करणार होते, देव जाणे.

त्याच वेळी खळ्यावर येऊन सांगायला हवं होतं. तुम्ही मला बोलला असतात, चार दिवस माझ्याशी धड वागला नसतात, आणि संपलं असतं. पण ते दाणे कुठले, हे मला ठाऊक होतं ना. माझी जीभच उचलेना. घरात आंबेमोहर कांडलेला नव्हता, डब्यात होते ते हळव्या भाताचे तांदूळ. जरासे लांब, केसभर. एवढं कुणाला कळतंय, म्हटलं. उरलेले दोन जुने दाणे वेगळे दिसायला लागले म्हणून तेही काढले. लाख तापवली, आठ नवे दाणे बसवले आणि वरून चुलीची काजळी चोळली. तुम्ही आलात, कांब चंचीत टाकलीत. तुमची नजर तेव्हा जरा अधू झालेली, आणि माझ्यावर विश्वास होता.

त्यानंतर तुम्ही दार केलंत, वासे केलेत, आढं केलंत. दाण्यामागं केसभर म्हणजे आठ दाण्यांत अर्धा दाणा. लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा तुम्ही सगळं जोडायला घेतलंत. आळीतल्या बायका लाडू वळायला बसल्या होत्या. दार चौकटीत जाईना. तुम्ही उलटं करून बघितलंत. आढं भिंतीबाहेर निघालं. तुम्ही कांब काढलीत, दाराला लावलीत. बरोबर आठ. मग चौकटीला लावलीत. चौकट कमी भरली. भिंत कमी भरली. मी लाडू हातात धरून बघत होते. वन्सं, जगात कुणालाही वाटलं असतं की माप बिघडलं. तुम्हाला ते मनातही आलं नाही. आबांच्या दाण्यांवर तुमचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास. तुम्ही हिशेब लावलात की दार बरोबर आहे, म्हणजे गणपतीपासून केलेल्या सगळ्या भिंतीच चुकल्या. जे बरोबर होतं त्यालाच तुम्ही चूक ठरवलंत.

"हात गेला गं माजा, शेवंता," तुम्ही म्हणालात. हळू म्हणालात, फक्त मला ऐकू येईल असं.

आणि वन्सं, मला बरं वाटलं. आता लपवून काय करू. भाकरी तुमचीच गोल, सारवण तुमचंच सारखं, माझी लेक सुद्धा तुमचीच. अठरा वर्षांत तुमचं पहिल्यांदा काही चुकलं आणि मला घडीभर बरं वाटलं. ते घडीभरच होतं, पण बोलायची वेळही तेवढीच होती.

दार तासून लहान करता येईना, कारण ते ज्या खुंट्यांवर फिरायचं त्या त्याच लाकडातून कोरलेल्या होत्या. नवं करायला पाच दिवस हवे होते. शेवटी तुम्ही ते चौकटीबाहेर उघडं ठेवून डिंकानं चिकटवलंत. लग्नात सगळं रुखवत सोडून माणसं त्या घराभोवती. नवऱ्या मुलाची मावशी पदरानं डोळे टिपत म्हणाली, माहेराचं दार कसं उघडं ठेवलंय बघा, काय विचार आहे बाईचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही उठून गोठ्यात गेलात. मी मागं आले तर म्हणालात, "उघडं न्हाई ठिवलं. लागत न्हाई म्हनून उघडं हाय." त्या दिवशी तुमचं एवढं कौतुक झालं, पण एक शब्दही तुम्ही अंगाला लावून घेतला नाहीत. चूक आपली मानलीत ती मानलीत.

पुढच्या वर्षी माळावरची ठकूबाई धनगरीण आली. तिच्या भागीचं लग्न ठरलं होतं. आमचं घर म्हणजे काय, कुडाची झोपडी, ती म्हणाली, पण पोर हटून बसलीय, मला बी पायजे. मी तांदूळ पाखडत होते, तुमच्यापासून दोन हातांवर. तुमचा चेहरा उजळलेला मी बघितला. झोपडी तुम्ही कधी केली नव्हती, मेंढरांचा वाडा कधी केला नव्हता. तुम्ही विचारायला सुद्धा लागलात, कोकरं कुठं बांधता, छपराला काय घालता. मग एकदम थांबलात. हात गेलाय ठकू, म्हणालात, चुकीचं घर देऊ व्हय पोरीला? ती ऊन कलेपर्यंत बसून राहिली आणि मग गेली. मला एकच वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. चूक सांगितली असती तर वर्षभर का नाही सांगितली, हेही सांगावं लागलं असतं, आणि त्याचं उत्तर, लाडू हातात धरून मला बरं वाटलं होतं, त्या घडीपाशी होतं. भागी तशीच गेली. तिच्यामागं आणखी चार पोरी गेल्या.

जायलाही तुम्ही वेळ लावला नाहीत. तीन दिवसांचा ताप. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत होते, आपण दोघीच होतो. मी म्हटलं, वन्सं, एक सांगायचंय. तुम्ही नाकानं वास घेतलात आणि म्हणालात, भात लागतोय बघ. मी उठले, भात उतरवला. येऊन बघते तर तुमचा डोळा लागला होता. उठवावं कशाला, म्हटलं, उद्या सांगू.

दहावं झालं त्या संध्याकाळी यमू नि मी तांदूळ निवडत बसलो होतो. ती म्हणाली, आत्या सूसला आली की पाणी प्यायच्या आधी ते घर फळीवरून खाली काढायला लावायची. चंचीतून कांब काढायची आणि एकेक भिंत मापायची. चूक कुठं झाली तेवढं कळलं की मी मोकळी झाले, म्हणायची. गेल्या आखितीला तर दोन दिवस त्या घरापुढनं हलली नाही. जाताना म्हणाली, न्हाई सापडत गं.

वन्सं, कावळा काय शिवला, माणसं काय म्हणाली. तुमचं मन अडकलं होतं, तीन वर्षं अडकलं होतं, आणि कशात ते जगात मला एकटीला ठाऊक होतं. मी यमूला सगळं सांगितलं. कोंबडी, काजळी, लाडू, सगळं. तिनं निवडलेले तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, "आई, तू तिला सांगाया पायजे हुतं." त्यानंतर ती माझ्याजवळ आली नाही. बरोबरच केलं तिनं.

तेराव्याला पंगत बसली तेव्हा बायकांच्या पंगतीपुढं उभी राहून मी बोलले. म्हटलं, वन्संचा हात गेला नव्हता, माप मी बदललं होतं, आणि भीतीनं गप्प बसले. ठकूबाई शेवटच्या पानावर होती. तिनं घास खाली ठेवला.

"म्हंजी माजी भागी रिकामी गेली ती तुज्यापायी."

मी म्हटलं, होय.

"मंग आता तू कर."

मी म्हटलं, मला येत नाही. ती म्हणाली, येत नसंल तर शिक, तिला तरी कुनी शिकवलं व्हतं? आणि जेवायला लागली.

खुंटीवरचा वस्तरा काढला. कणगीतल्या आंबेमोहराचे आठ दाणे निवडून नवी कांब केली. माळावर जाऊन ठकूबाईच्या झोपडीपुढं दोन तास बसले. तिनं चहा दिला, तो मी घेतला, तुमच्याइतकी कडक मी नाही. कारवी चिरताना कळलं तुम्ही काय होतात ते. मला एकीच्या दोन सुद्धा धड होईनात, तिसरी काडी फाटते, अंगठा कापतो, माती वाळली की भेगाळते. वीस वर्षं रोज तुमच्या शेजारी बसले आणि तुम्ही किती अवघड करताय हे मला कधी दिसलंच नाही, इतकं ते तुम्हाला सोपं जात होतं.

परवा झोपडी उभी राहिली. ह्यांनी बघितली, म्हणाले, आक्काची आठवण झाली. ठकूबाई माळावरून उतरून आली. झ्याक झालंय म्हणाली, दे हिकडं, भागी दिवाळीला येणार हाय. तिनं हात पुढं केले आणि मी झोपडी मागं घेतली. मागची भिंत कलली होती. तिला दिसत नव्हती, ह्यांना दिसत नव्हती, मला दिसत होती. एवढ्या वर्षांत तुमच्या हातून चुकीचं घर एकच बाहेर पडलं, आणि ते माझ्या लेकीच्या फळीवर आहे.

ठकूबाईदेखत मोडली मी ती, वन्सं. सकाळपासून नव्या काड्या चिरायला घेतल्यात.